शनिवारी फुटी क्लबात जायचं का? शेपार्टनला नव्याने आलेल्या कुटुंबाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक कुटुंब फेब्रुवारीत नाशिकहून ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या शेपार्टनला आलं. ती हॉस्पिटलात नर्स, तो फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर, त्याला शिफ्ट असतात. मुलगा अकरा वर्षांचा, क्रिकेटवेडा. मुलगी चौदाची. शेजारी सारखे म्हणतात, "शनिवारी क्लबात या." त्यांना विचारायचंय: ही फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) लीग म्हणजे नेमकं काय, हौशी म्हणतात ती खरंच हौशी आहे का, मुलाला मार लागेल का, दारूचं वातावरण कितपत आहे, आणि त्यापेक्षा शनिवार-रविवार मेलबर्नच्या मराठी मंडळींत गेलेलं बरं नाही का?

मी याच गोलबर्न नदीच्या खोऱ्यातल्या एका क्लबाचा नऊ वर्षं खजिनदार होतो आणि अजूनही टाइमकीपर आहे. आयुष्यात एकदाही फुटी खेळलेलो नाही. तेव्हा उत्तर खेळाडूचं नाही, हिशेब लिहिणाऱ्याचं आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्याच पोटात आहेत. मेलबर्न इथून साधारण १८० किलोमीटर. गणपतीला जा, दिवाळीला जा, आम्हीही जातो. पण दर आठवड्याला गेलात तर दोन वर्षांनीही या गावात तुम्हाला पेशंट आणि ऑफिसातली माणसं सोडून कुणी ओळखणार नाही. एप्रिल ते सप्टेंबर इथली माणसं शनिवारी जिथे भेटतात ते फुटीचं मैदान. मला हे कळायला तीन हिवाळे लागले. तोवर मी शनिवारी दुपारी बाजारातून गाडी फिरवायचो आणि रात्री आईला फोनवर सांगायचो, गाव फार सुनसान आहे गं. गाव सुनसान नव्हतं, मैदानावर होतं.

आता लीग. आपल्याला वाटतं क्लब म्हणजे एक टीम. इथे तसं नाही. गोलबर्न व्हॅली लीगमध्ये गेली अनेक वर्षं बारा क्लब आहेत: शेपार्टनचेच तीन (शेपार्टन, शेपार्टन स्वान्स, शेपार्टन युनायटेड), नदीपलीकडचं मूरूपना, मग टटुरा, कायाब्रम, रॉचेस्टर, इचुका, युरोआ, बेनाला, सीमोर आणि पार डोंगराच्या पायथ्याचं मॅन्सफिल्ड. लीगची सुरुवात १८९० च्या दशकातली. इचुकाचा क्लब मॅन्सफिल्डला खेळायला निघाला की एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या वर जातो, आणि निघतो तो अख्खा क्लब. सकाळी अठरा वर्षांखालच्यांचा सामना, दुपारी रिझर्व्ह म्हणजे दुसरी फळी, आणि दोनच्या सुमारास सीनियर. त्याच वेळी बाजूच्या कोर्टांवर मुलींचे आणि बायकांचे नेटबॉलचे (बास्केटबॉलच्या जातीचा खेळ) सामने एकामागून एक चालू असतात. म्हणून क्लबांच्या आणि लीगच्या नावात 'फुटबॉल नेटबॉल' असे दोन्ही शब्द असतात. एका शनिवारी एक गाव दुसऱ्या गावाच्या घरी जातं असं समजा, चौदा वर्षांच्या मुलीपासून साठीच्या पाणीवाल्यापर्यंत.

या लीगखाली आणखी लीगा आहेत. कायाब्रम डिस्ट्रिक्ट, पिकोला डिस्ट्रिक्ट, शेजारची मरे लीग. त्यांतली काही गावं इतकी छोटी आहेत की पेट्रोलपंप, गव्हाची कोठारं आणि फुटीचं मैदान, बस्स. शाळा बंद होते, बँक बंद होते, पोस्ट दुकानात हलतं आणि शेवटी क्लब उरतो. तोही झेपेना झाला की शेजारच्या गावाशी जोडून घेतात. मर्चिसन-टुलांबा अशी जोडनावं दिसली की समजायचं, इथे दोन गावांनी कधीतरी एका रात्री सभा घेतली होती आणि त्यात म्हातारी माणसं रडली होती.

तुम्हाला लवकर समजावं म्हणून सांगतो: क्लब म्हणजे आपलं गणेश मंडळ. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, वर्गणी, रॅफलची (सोडतीची) पावतीपुस्तकं, प्रायोजकांच्या पाट्या (कुंपणावर नळवाला, ट्रॅक्टरवाला, दातांचा डॉक्टर, फ्लेक्स इथेही आहेत, फक्त त्यावर कुणाचे वाढदिवस नसतात), आणि राबणारे तेच ते बारा-पंधरा कार्यकर्ते. फरक एवढाच की आपला उत्सव दहा दिवसांत विसर्जित होतो, यांचा दर शनिवारी नव्याने बसतो, अठरा आठवडे आणि वर फायनल्स.

खेळ मुळात कुठून आला हे तुमच्या मुलाला सांगा, त्याला आवडेल. हा क्रिकेटवाल्यांनी काढलेला खेळ आहे. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा नावाजलेला क्रिकेटपटू. त्याने जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका क्रीडासाप्ताहिकात पत्र लिहिलं: हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग जड होतं, तेव्हा एक फुटबॉल क्लब काढा. पुढच्या वर्षी मे महिन्यात मेलबर्न क्लबाचे नियम कागदावर आले. म्हणून मैदान लंबगोल, कारण ते क्रिकेटचंच मैदान. आजही आमच्याकडे ऑक्टोबर ते मार्च त्याच गवतावर क्रिकेट चालतं, एप्रिलपासून मधली खेळपट्टी झाकून फुटी. बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडची माणसंही तीच. तुमच्या मुलाने उन्हाळ्यात क्रिकेट क्लबात नाव घातलं असेल, तर अर्ध्या फुटी क्लबाला तो आधीच माहीत आहे.

नियम पटकन. दोन्हीकडे अठरा-अठरा खेळाडू, चेंडू लांबट, चार क्वार्टर. टोकाला चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, ६ गुण. बाजूच्या खांबांतून गेला तर 'बिहाइंड', १ गुण. म्हणून गुणफलक १२.८ (८०) असा दिसतो: बारा गोल, आठ बिहाइंड, एकूण ऐंशी. समोरच्यांचे ११.१५ (८१) असतील तर कमी गोल करूनही तेच जिंकले. ऑफसाइड नाही, त्यामुळे मागे-पुढे कुणीही कुठेही. चेंडू फेकायचा नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोकायचा किंवा लाथ मारायची. कुणी पंधरा मीटर किंवा त्याहून लांब मारलेली लाथ अधांतरी झेलली तर तो 'मार्क', मग त्याला कुणी हात लावायचा नाही, शांतपणे लाथ मारू द्यायची. उंच झेल घेणाऱ्या क्रिकेटच्या पोराला हे आपसूक येतं. जिंकल्याचे ४ गुण, बरोबरीचे २. समान गुण असले की टक्केवारी बघतात: केलेले गुण भागिले दिलेले गुण, गुणिले शंभर. नेट रनरेट समजून घेण्यात ज्याचं तारुण्य गेलं त्याला हे फारच सोपं.

एक गोष्ट मात्र त्याला घरी शिकवून पाठवा. पकड खांद्याखाली आणि गुडघ्याच्या वर. आपली पोरं कबड्डी बघत वाढलेली, घाईत हात थेट घोट्याकडे जातो. पायपकड इथे फाउल आहे, पाठीत ढकलणंही. माझ्या मुलाने पहिल्या महिन्यात इतक्या फ्री किक दिल्या की पंच त्याला नावाने ओळखायला लागला.

आता 'हौशी' या शब्दाबद्दल, कारण इथे खजिनदाराला बोलायचा अधिकार आहे. मेलबर्नमध्ये एक खरीखुरी हौशी संघटना आहे, व्हिक्टोरियन अमॅच्युअर, १८९२ पासूनची. तिथे खेळण्याचे पैसे घ्यायचे नाहीत असा दंडक. आमच्या खोऱ्यात तसं नाही. आमच्याकडे तुमच्या मुलाचा कोच, पाणी देणारा, गेटवरची बाई, मी, सगळे फुकट; पण सीनियर टीममधल्या काही जणांना सामन्यामागे पैसे मिळतात. हे कुणी लपवत नाही, कुणी ओरडूनही सांगत नाही.

याला जुना इतिहास आहे. १९३० मध्ये मेलबर्नच्या मोठ्या लीगने, म्हणजे तेव्हाच्या व्हीएफएलने, खेळाडूच्या मानधनावर मर्यादा घातली. कोल्टर नियम म्हणतात त्याला. पण ही मर्यादा खेड्यातल्या क्लबांना नव्हती. मग काय झालं असेल ते आपल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. मोठ्या लीगमधले नामांकित खेळाडू कॅप्टन आणि कोच अशा दोन्ही जागा घेऊन गावाकडे यायला लागले, वर गावाने कामधंद्याची सोयही लावून द्यायची. सगळ्यांत गाजलेलं उदाहरण आमच्या पूर्वेकडच्या ओव्हन्स अँड मरे लीगमधलं. बॉब रोझ हा मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबाचा त्या काळचा अव्वल खेळाडू. तो ऐन भरात असताना मेलबर्न सोडून १९५६ मध्ये वँगारट्टा रोव्हर्सकडे आला, १९६२ पर्यंत राहिला, १९५८ आणि १९६० च्या प्रीमियरशिप (लीगची विजेतेपदं) जिंकून दिल्या आणि मग परत जाऊन कॉलिंगवूडचा कोच झाला. या भागातले म्हातारे अजून त्याच्याबद्दल असं बोलतात, जसं आमच्या कोल्हापुरात जुन्या पैलवानांबद्दल बोलतात.

पैशाची ही चढाओढ पुढे क्लबांच्या जिवावर उठली. गावात प्रायोजक मोजके, गेटवर जमणारे पैसे पावसावर अवलंबून, आणि पलीकडचा क्लब कुणाला तरी जास्त देतोय अशी कुजबुज. म्हणून २०१६ पासून राज्यभर खेळाडूंना पॉइंट लावायची पद्धत आली आणि पाठोपाठ मानधनाची कमाल मर्यादा. आपल्याच क्लबात वाढलेल्या मुलाला १ पॉइंट, बाहेरून वरच्या पातळीवरून आणलेल्याला जास्त. शनिवारी उतरवलेल्या टीमची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. मला विचाराल तर ही गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट. कारण त्यामुळे अकरा वर्षांच्या पोराला नीट शिकवण्यात क्लबाचा रोख स्वार्थ तयार झाला. तुमचा मुलगा आमच्या हिशेबात भविष्यातला एक-पॉइंटवाला आहे. हे ऐकायला रुक्ष वाटेल, पण रविवारी सकाळी कडाक्याच्या थंडीत कुणीतरी ज्युनियरचे सामने भरवतं त्याला हेही एक कारण आहे.

क्लब चालतो कशावर? गेट, बार, कँटीन, प्रायोजक, रॅफल. त्यात मटणाच्या ट्रेची रॅफल हा इथला खास प्रकार आहे. मी शाकाहारी, आणि पहिल्याच वर्षी मला तो ट्रे लागला. शेजाऱ्याच्या घरी पोचवला, मैत्री तिथून सुरू झाली. खर्च म्हणजे पंचांचं मानधन, लीगची फी, विमा, मैदानाच्या दिव्यांचं बिल, पट्ट्या-टेपचे डबे आणि वर सांगितलेलं सीनियर मानधन. २०२० मध्ये करोनामुळे हंगाम झालाच नाही तेव्हा वहीत गेटचा रकाना कोरा राहिला, पण विमा आणि वीज कोरी राहिली नाही.

मुलाला मार लागेल का? लागेल. गुडघा, बोट, खांदा, यातलं काहीतरी दोन-चार वर्षांत होईलच, ते क्रिकेटमध्येही होतं. मी घाबरतो ते डोक्याला. इथे नियम आता कडक आहे आणि तो तसाच पाळा: मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू त्या दिवशी परत मैदानात जात नाही, आणि धक्का बसल्याचं ठरलं तर गावपातळीवर किमान २१ दिवस सामना नाही, तोही टप्प्याटप्प्याने सराव करून आणि डॉक्टरने हो म्हटल्यावर. कोच आग्रह करतो का यापेक्षा स्वतः मुलगाच "मला काही झालं नाही" म्हणतो का, ही खरी अडचण असते. त्याचं ऐकू नका. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला मी काय सांगणार, पण मैदानाच्या कडेला आई ही नर्स उरत नाही असा अनुभव आहे. दातांसाठी माउथगार्ड घ्याच. मऊ हेल्मेट घातलं की मेंदूचा धक्का टळतो हा गैरसमज. त्याने कातडी वाचते, बाकी नाही.

आणि हे दुसरं, जे इथे कुणी आपणहून सांगत नाही. व्हिक्टोरियात अँब्युलन्सचा खर्च मेडिकेअरमध्ये (सरकारी आरोग्ययोजनेत) येत नाही. अँब्युलन्स व्हिक्टोरियाची कौटुंबिक वार्षिक मेंबरशिप घ्या, सरावाच्या पहिल्या दिवसाआधी. आमच्याच घरात हे झालं: मुलाचा खांदा निखळला, मैदानावरून अँब्युलन्सने नेलं, आणि तीन आठवड्यांनी आलेलं बिल बघून मीच खाली बसलो. क्लबाचा विमा आहे ना, असं मला वाटत होतं. त्या वेळी मी खजिनदार होतो, पॉलिसीचा कागद माझ्याच फायलीत होता, आणि मी तो वाचला नव्हता. तो विमा मेडिकेअरच्या यादीत असलेल्या उपचारांचा फरकही भरून देत नाही, कायद्याने देऊच शकत नाही. फिजिओ, दात वगैरे ठरावीक गोष्टींचा काही भाग देतो. तुम्ही तात्पुरत्या व्हिसावर असाल तर तुमच्या आरोग्यविम्यात काय बसतं ते आधी विचारून घ्या.

मुलीला नेटबॉल दाखवा. सात जणी, चेंडू घेऊन पळायचं नाही, तीन सेकंदांत पुढे द्यायचा, छातीवर जागेची अक्षरं. लांबून सौम्य दिसतो, जवळून नाही. चौदा-पंधराच्या मुलींना नव्या गावात मैत्रिणी मिळवून देणारी यापेक्षा वेगवान गोष्ट मला माहीत नाही. तिला फुटीच खेळायची असेल तर तीही आता खेळता येते. २०१७ मध्ये बायकांची राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हापासून गावोगाव मुलींच्या टीम उभ्या राहिल्या. काही जुन्या सभासदांना ते पचायला वेळ लागला. चेंजरूम एकच, त्यातही मुताऱ्यांची रांग. बांधकामाचा खर्च बघून त्यांनी नाकं मुरडली. आता त्यांच्याच नाती खेळतात.

दारू. आहे. बार हा क्लबाच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. सामना संपल्यावर हॉलमध्ये बक्षिसं वाटतात, क्लबाचं गाणं म्हणतात, आणि मग बारभोवती गर्दी. पूर्वी बेताल प्रकार चालायचा असं ऐकतो. आता परवाना, वेळा, लहान मुलांना न देणं, गाडी चालवणाऱ्याची सोय, हे बरंच शिस्तीत आलं आहे. मी पीत नाही. पंधरा वर्षांत मला कुणी जबरदस्ती केली नाही. लेमनेडचा ग्लास हातात असला की कुणी विचारतही नाही. आमची मुलं बक्षिसं झाली की साडेसहाला घरी निघतात, तुम्हीही तो नेम ठेवा. रात्री उशिरा हॉलमध्ये कुणाच्याच मुलाचं काही काम नसतं.

रंगावरून बोलणं? तुम्ही हा प्रश्न विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता. क्लबातल्या माझ्या तिसऱ्या वर्षी परगावच्या एका मैदानावर कुंपणाला टेकलेल्या माणसाने माझ्या मुलाला उद्देशून असं काही म्हटलं जे मी इथे लिहिणार नाही. मला वाटलं सोडून द्यावं, आपण पाहुणे. पण आमच्या टीमची मॅनेजर, साठीची शेतकरीण, स्वतः त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मग सोमवारी तिने मला बसवून लीगकडे लेखी तक्रार करायला लावली. एएफएलने (जुन्या व्हीएफएलचंच आताचं नाव) वर्णद्वेषी बोलण्याविरुद्ध १९९५ मध्ये नियम केला, तो झिरपत गावपातळीवर आलेला आहे आणि त्याची ठरलेली पद्धत आहे. तक्रार तोंडी नको, लेखी करा, त्याच आठवड्यात. त्या माणसाला त्या मैदानावर पुढे हंगामभर येऊ दिलं नाही.

या खोऱ्यात हा विषय आपल्या येण्याच्या फार आधीपासूनचा आहे, आणि त्यात एक भारतीय धागा आहे जो मला इथे दहा वर्षं राहिल्यावर कळला. तासाभराच्या अंतरावर, मरे नदीच्या पलीकडच्या काठावर, कमरागंजा नावाची आदिवासींची वस्ती आहे, योर्टा योर्टा लोकांची. तिथल्या शाळेत थॉमस शॅड्राक जेम्स नावाचे मास्तर होते. जन्म मॉरिशसचा, १८५९ चा, आईवडील भारतीय. १८८१ मध्ये ते शेजारच्या मलोगा मिशनमध्ये शिकवायला आले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, १८८८ मध्ये लोकांबरोबर कमरागंजाला गेले आणि १९२२ पर्यंत शिकवत राहिले. त्यांच्या हाताखालून शिकलेल्यांत आदिवासी हक्कांसाठी लढणारी एक अख्खी पिढी आहे, आणि त्यातला एक मुलगा म्हणजे डग निकल्स.

निकल्स अंगाने लहानखुरा आणि विलक्षण चपळ. या भागातल्या टोंगाला गावाकडून खेळला, १९२७ मध्ये मेलबर्नच्या कार्लटन क्लबात नशीब काढायला गेला. तिथे त्याच्या रंगामुळे त्याला जमू दिलं नाही. तो नॉर्थकोट क्लबाकडे गेला, तिथे चमकला, मग १९३२ पासून फिट्झरॉयकडून मोठ्या लीगमध्ये खेळला. पुढे पाद्री झाला, १९७२ मध्ये 'सर' झाला, १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचा राज्यपाल. आज एएफएलची आदिवासींच्या सन्मानाची सामन्यांची फेरी त्याच्या नावाने होते. त्या फेरीला आमच्याकडची पोरं चित्रांच्या जर्सी घालतात तेव्हा मला दर वेळी ते मॉरिशसचे मास्तर आठवतात, ज्यांच्याबद्दल बोलायला मैदानावर कुणीच नसतं.

शेपार्टनमध्ये रंबलारा नावाचा आदिवासींचा स्वतःचा क्लब आहे. बऱ्याच खटपटीनंतर १९९७ मध्ये त्यांना या भागातल्या एका लीगमध्ये जागा मिळाली, दुसऱ्याच वर्षी ते प्रीमियरशिप जिंकले. २००६ पासून ते मरे लीगमध्ये खेळतात. एकदा त्यांचा घरचा सामना बघायला जा. मुलांना घेऊन जा. 'हे गाव कुणाचं' या प्रश्नाचं उत्तर जिथे खरं मिळतं तिथे तुम्ही असाल.

आता, जायचं कसं. प्रेक्षक म्हणून जाऊ नका, किंवा फक्त पहिल्या दिवशी जा. गाडी कुंपणाला नाक लावून उभी करा. थंडीत सगळे गाडीतच बसून बघतात आणि आपला गोल झाला की हॉर्न वाजवतात. समोरच्यांच्या गोलला वाजवू नका, मी वाजवला होता. क्वार्टर संपली की लोक सरळ मैदानात चालत जातात आणि खेळाडूंच्या घोळक्यामागे उभं राहून कोच काय बोलतो ते ऐकतात. तुम्हीही जा, कुणी अडवत नाही. मोठ्या स्टेडियममध्ये हे जन्मात मिळणार नाही.

दुसऱ्या शनिवारी सेक्रेटरीला शोधा आणि म्हणा, मला एखादी ड्युटी द्या. क्लबाला सतत माणसं कमी पडतात: गेट, कँटीन, गुणफलक, पाणी, नेटबॉलचं स्कोअरिंग, गोल पंचाचे झेंडे. इथली माणसं तोंडाने फार आगत-स्वागत करत नाहीत, आणि आपण त्याचा अर्थ तुसडेपणा असा लावतो. त्यांची रीत वेगळी आहे: शेजारी उभं राहून एकत्र काम केलं की ओळख झाली. माझी ओळख कुणी करून दिली नाही. मला टाइमकीपरच्या खोलीत बसवलं, इतकंच. दोन्ही क्लबांचा एकेक टाइमकीपर त्या कोंदट खोक्यात शेजारी शेजारी बसतो, दोघांची घड्याळं जुळली पाहिजेत, भोंगा एकमताने वाजवायचा. दोन तास शत्रूच्या मांडीला मांडी लावून बसल्यावर माणूस किती बोलणार नाही? द्राक्षांचे रोग, मुलांची लग्नं, बायपास, सगळं मी त्या खोक्यात ऐकलं. (आणि ते काम किरकोळ समजू नका. २००६ मध्ये लॉन्सेस्टनला खुद्द एएफएलच्या सामन्यात पंचांना भोंगा ऐकू आला नाही, खेळ चालू राहिला, एका गुणाने पुढे असलेल्या फ्रीमँटलला सेंट किल्डाने बरोबरीत गाठलं, आणि नंतर बैठक घेऊन विजय फ्रीमँटलला द्यावा लागला.)

ऑक्टोबर २०२२ च्या पुरात, हंगाम संपलेला असताना, फोन आले ते याच माणसांचे. वाळूची पोती कुठे भरतायत, कुणाकडे ट्रेलर आहे, मूरूपनात कुणाची म्हातारी आई एकटी आहे. प्रत्येक क्लबाकडे तीनशे फोन नंबरांची यादी तयार होतीच, ड्युटीच्या तक्त्याची.

एक इशारा. तुम्ही भारतीय आहात हे कळलं की पहिल्याच महिन्यात कुणीतरी प्रेमाने 'करी नाइट' करा म्हणेल. एकदा करा, पैसे चांगले जमतात. पण दर वर्षी तेवढंच करू नका, नाहीतर तुम्ही कायम कढईपाशी राहाल आणि सामना कधी दिसणारच नाही. इथल्या पंजाबी कुटुंबांतली एक मुलगी गेली काही वर्षं बाउंड्री अंपायरिंग करते, चेंडू पाठमोरी उभी राहून डोक्यावरून मैदानात भिरकावते. मला वाटतं क्लबात तिची ओळख कुठल्याही स्वयंपाकापेक्षा पक्की आहे.

तुमच्या यजमानांना शिफ्ट असतात असं लिहिलंय. मग गुरुवारी संध्याकाळी या. सराव झाल्यावर हॉलमध्ये साधं जेवण असतं, शाकाहारी हवं असेल तर बुधवारपर्यंत कँटीनवाल्या बाईंना सांगा, त्या पास्ता बाजूला काढून ठेवतात. जेवण झालं की शनिवारच्या टीम वाचून दाखवतात. मुलाचे बूट नवे घेऊ नका. स्टोअररूममध्ये जुन्या बुटांची पेटी आहे, पोरांचे पाय सहा महिन्यांत वाढतात. आणि जाड मोजे आणा, इथलं गवत संध्याकाळी पाचलाच ओलं होतं.